वस्तू आधी, पेटी मागाहून : जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरची लाकडी पेटी

आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावतील. शाळेचा आणि रिव्हॉल्व्हरचा काय संबंध? संबंध रिव्हॉल्व्हरशी नाहीच, त्याच्या पेटीशी आहे. मापन, भूमिती, लाकडाचा स्वभाव आणि थोडं रसायन, हे सगळं एका पेटीत सापडतं. म्हणून हा पाठ.

पेटीची परंपरा

अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावच्या सॅम्युअल कोल्टने आपली रिव्हॉल्व्हर्स १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात मांडली आणि १८५३ मध्ये तिथेच कारखाना काढला. चांगलं हत्यार तेव्हा पेटीसकट विकलं जाई, भेट म्हणूनही दिलं जाई. रशियाचा झार पहिला निकोलस याला कोल्टने १८५४ मध्ये सोन्याने मढवलेली रिव्हॉल्व्हर्स भेट दिली होती.

पेटीत नुसतं रिव्हॉल्व्हर नसे. त्या काळी दारू आणि शिशाची गोळी वेगवेगळी भरावी लागे. म्हणून दारूची कुपी, गोळ्या ओतायचा साचा, ठिणगीच्या टोप्यांची डबी आणि पेचकस-पान्याचं एकत्र अवजार, असा सगळा संसार त्यात असे. प्रत्येकाला आपली जागा.

जागा देण्याच्या पद्धती दोन. इंग्लिश पद्धतीत पातळ लाकडी भिंतींनी सरळ कप्पे पाडतात आणि आत बनात लावतात. फ्रेंच पद्धतीत वस्तूच्या आकाराचीच खाच कोरतात, अंगठीतल्या खड्याला कोंदण असतं तशी. पहिलीत सरळ रेषांचं गणित, दुसरीत वक्र रेषेचं.

आधी कागद, मग करवत

नवशिका आधी पेटी करतो आणि मग वस्तू बसवायला जातो. तिथेच घोळ होतो. क्रम उलटा हवा.

हत्यार समोर असेल तर ते जाणत्या माणसाने हाताळायचं. सहाही कप्पे रिकामे, टोप्या काढलेल्या, कुपीत दारूचा कण नाही, ही खात्री करून मगच ते कागदावर आडवं ठेवायचं. पेन्सिल अगदी उभी धरून कडेने फिरवायची.

इथे एक गंमत आहे, मुलांना जरूर दाखवा. साधी पेन्सिल सुमारे ७ मिमी जाड असते. उभी धरली तर तिचं टोक कडेपासून ३.५ मिमी दूर राहतं. म्हणजे आकृती मूळ वस्तूपेक्षा चहूबाजूंनी तेवढी मोठी येते. फ्रेंच खाचेत २ मिमी अस्तर गेलं की १.५ मिमी मोकळीक उरते, आणि तेवढी हवीच! तीच पेन्सिल तिरकी धरली तर हा हिशेब कोलमडतो. मग सगळ्या वस्तू आखून, कापून, कागदावर सरकवून बघायच्या. मांडणी मनासारखी झाली की मगच लाकडाला हात लावायचा.

हिशेब

कोल्टच्या १८५१ च्या 'नेव्ही' नमुन्याची लांबी सुमारे ३३ सेंमी, वजन साधारण १.२ किलो. समजा, आपल्या इंग्लिश मांडणीला आत ३७ × १९ सेंमी मोकळी जागा लागते. बाजूच्या फळ्या १२ मिमी आणि अस्तर २ मिमी जाड आहे. मग बाहेरची मापं अशी :

लांबी : ३७ + ०.४ + २.४ = ३९.८ सेंमी
रुंदी : १९ + ०.४ + २.४ = २१.८ सेंमी

अस्तर आणि फळी दोन्ही बाजूंना असते, म्हणून दुप्पट धरायची. मुलं बहुतेक इथेच अडखळतात. आतली प्रत्येक भिंतसुद्धा ६ मिमी लाकूड आणि दोन्हीकडचं कापड मिळून पुरती १ सेंमी जागा खाते. दोन भिंती म्हणजे २ सेंमी गेले!

आता उंची. सिलिंडरपाशी जाडी ४ सेंमी धरू. वरखालचं अस्तर ०.४, मोकळीक ०.४, तळ आणि झाकण प्रत्येकी ०.६. बेरीज ६ सेंमी. पण थांबा, झाकण वेगळं करायचंच नाही! सहाही बाजूंनी बंद खोकं जोडायचं आणि मग करवतीने त्याचं झाकण कापून काढायचं. असं केलं की लाकडाच्या रेषा झाकणावरून खोक्यावर अखंड उतरतात आणि दोन्ही भाग एकमेकांवर बरोबर बसतात. करवतीचा भुसा मात्र २ मिमी उंची घेऊन जातो, कड घासताना आणखी १ मिमी जाते. म्हणून फळी ६.३ सेंमी रुंद हवी. जे वाया जाणार आहे तेही आधी मोजायचं, हा मला या पाठातला सर्वांत मोलाचा धडा वाटतो.

चौकट जोडताना गुण्या लावाच, पण खरी परीक्षा कर्णांची. दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत. पायथागोरसच्या प्रमेयाने या चौकटीचा कर्ण सुमारे ४५.४ सेंमी येतो. एक कर्ण ४५.६ आणि दुसरा ४५.२ भरला तर चौकट तिरकी आहे. सरस ओला आहे तोवरच लांब कर्णाच्या कोपऱ्यांवर दाब देऊन ती सरळ करायची.

४५ अंशांत कापून जोडलेला कोपरा दिसतो सुबक, पण असतो कमकुवत, कारण लाकडाचं कापलेलं टोक सरस पिऊन टाकतं. म्हणून कोपऱ्यात आडवी खाच पाडून तिच्यात लाकडाची पातळ पट्टी ठोकतात.

लाकूड जिवंत नसतं, पण हलतं

पावसाळ्यात दार घट्ट होतं हे घरोघरी ठाऊक आहे. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. तळाला भरीव फळी चारी बाजूंनी सरसाने चिकटवली तर ती केव्हातरी तडकणार. एकतर ती खाचेत सैल बसवा, नाहीतर प्लायवूड वापरा.

सुंदर पेटी घात करू शकते

आता रसायन. ओकच्या लाकडातून ॲसेटिक आम्लाची वाफ सुटते. बंद पेटीत ती शिशाच्या गोळ्यांवर पांढरी भुकटी धरते आणि लोखंडालाही बाधते. महोगनी किंवा अक्रोड त्या मानाने बरं. लोकरीच्या बनातीत गंधकाची संयुगं असतात, त्यांनी चांदीचा मुलामा काळवंडतो. कापड दमट झालं की पोलाद गंजतं. नवा सरस आणि पॉलिश पूर्ण सुकेपर्यंत पेटी काही आठवडे उघडी ठेवावी ती यासाठीच. आणि म्हणूनच, पेटी मिरवायला ठीक. वर्षानुवर्षं त्यात वस्तू कोंडून ठेवू नये. दिसायला उत्तम म्हणजे वस्तूच्या हिताचं असं नसतं, बरं का!

वर्गात काय करायचं?

वर्गात हत्यार आणायचं नाही, हुबेहूब नकलीसुद्धा नाही. जुन्या धाटणीच्या कित्येक प्रतिकृती बार भरला की खरोखर उडतात. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ लागू आहे. घरी कोणी अशी प्रतिकृती आणायचा विचार करत असेल तर आधी परवान्याची चौकशी पोलीस ठाण्यात करावी. पाठासाठी फळ्यावरची आकृती पुरते.

मुलांना प्रत्यक्ष करायला प्रयोगशाळेतला नादकाटा आणि त्याची रबरी हातोडी द्या. पुठ्ठा, जुनं लोकरी कापड, डिंक, कात्री, पट्टी. गटाने आधी कागदावर मांडणी, मग हिशेब, शेवटी पेटी. वस्तू बसली की पेटी उलटी धरून हळूच हलवा. आत खडखडलं तर मोकळीक जास्त झाली. वस्तू काढताना नखं लावावी लागली तर कमी झाली. निकाल पेटीच सांगेल, तुम्हाला लाल पेन लागणार नाही.

मुलांना विचारा

१. अस्तर २ ऐवजी ३ मिमी घेतलं तर बाहेरची लांबी किती वाढेल?
२. चारही बाजू एकाच फळीतून काढायच्या तर किमान किती लांब फळी लागेल? (२ × (३९.८ + २१.८) = १२३.२ सेंमी. करवतीचे काप धरून किती?)
३. दोन्ही कर्ण सारखे, पण समोरासमोरच्या बाजू असमान, अशी चौकट होऊ शकते का? काढून दाखवा.

तिसरा प्रश्न घरी आईबाबांनाही घाला. समलंब चौकोन आठवला तर सुटेल!