उतारवयातील मधुमेही आणि इन्शुलिन : वैद्याची भूमिका

वयाची पासष्टी उलटल्यावर प्रथमच इन्शुलिन सुरू झालेला रुग्ण हल्ली आपल्यापैकी प्रत्येकाकडे येतो आणि बहुधा एकच विनंती करतो, ‘वैद्यराज, हे टोचणे तेवढे सुटेल असे काही औषध द्या.’ या विनंतीला आपण काय उत्तर देतो यावर त्याचे पुढील आयुष्य पुष्कळ अंशी अवलंबून असते. म्हणून हा विषय येथे विचारार्थ घेत आहोत.

चरकाचार्यांनी प्रमेहाच्या रुग्णांत स्थूल-बलवान व कृश-दुर्बल असा भेद करून पहिल्यास संशोधन व दुसऱ्यास बृंहण सांगितले आहे. सुश्रुताचार्यांनी सहज व अपथ्यनिमित्तज असे प्रकार मानून सहज प्रमेही कृश व रूक्ष असतो असे वर्णिले आहे. आपल्यासमोर बसलेला वृद्ध मात्र मूळचा अपथ्यनिमित्तज असतो. पंधरा-वीस वर्षे गोळ्या घेऊन तो आता कृश झालेला असतो. वजन उतरलेले, मांड्यांचे मांस झडलेले, रात्री तीन-चार वेळा लघवीस उठणे, तळपायांची आग. धातुक्षय व वातप्रकोप यांची ही अवस्था होय. वातज प्रमेहाची असाध्यता आपण सर्वजण जाणतोच.

अशा रुग्णात इन्शुलिनचे कार्य काय दिसते? वजन स्थिरावते, बल येते, तृष्णा व मूत्रप्रवृत्ती कमी होते. संहितांत हे द्रव्य नाही. 1921 साली टोरांटो येथे त्याचा शोध लागला. तथापि कर्म पाहता ते या कृश रुग्णास बृंहणच ठरते, असे आमचे मत आहे. (स्थूल रुग्णात हेच कर्म वजन वाढवून त्रासदायक होते, हेही खरे.) स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशी क्षीण झाल्यावर बाहेरून केलेली ही पूर्ती आहे. तिची ‘सवय लागते’ हा समज रुग्णाच्या मनातून काढणे हे वैद्याचे पहिले काम. शस्त्रकर्म वा तीव्र संसर्ग यांपुरते सुरू केलेले इन्शुलिन पुढे थांबवता येते. परंतु तो निर्णय रक्तशर्करा पाहून ते देणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो. आपल्या काढ्याच्या भरवशावर इन्शुलिन बंद करणारा रुग्ण काही दिवसांतच अतिदक्षता विभागात पोहोचू शकतो.

वृद्धांत रक्तशर्करा वाढण्यापेक्षा ती एकाएकी उतरण्याचे भय अधिक आहे. रक्तशर्करा 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली असता तरुणास घाम, कंप, धडधड जाणवते. वृद्धात ही लक्षणे मंद असतात. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटाची गोळी चालू असल्यास कंप व धडधड अधिकच झाकली जाते. असंबद्ध बोलणे, पाय लटपटणे, पहाटे घामाने अंथरूण भिजणे एवढेच दिसते आणि घरची मंडळी ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. वृक्क दुर्बल असल्यास इन्शुलिनचा प्रभाव शरीरात अधिक काळ टिकतो, हेही स्मरणात ठेवावे. शुद्धीवर असलेल्या रुग्णास तीन-चार चमचे ग्लुकोज पाण्यात घालून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. व्होग्लिबोज वा अकार्बोज चालू असेल तर साखर-गुळाचा लवकर उपयोग होत नाही, ग्लुकोजच लागते. बेशुद्धाच्या तोंडात काहीही घालू नये; तत्काळ रुग्णालयात न्यावे. दुर्बल वृद्धात एचबीए1सी 7च्या खाली आणण्याचा अट्टहास आधुनिक वैद्यकही धरत नाही. 8च्या आसपास समाधान मानले जाते. आपणही अहवालातील आकड्यांची ईर्ष्या करू नये.

आता खास आपल्या चिकित्सेसंबंधी. मधुनाशिनी, मामेजवा, मेथी, कारले ही द्रव्ये इन्शुलिनच्या जोडीने दिल्यास शर्करा अपेक्षेपेक्षा अधिक उतरू शकते. म्हणून अल्पमात्रेने आरंभ करावा, रोजची नोंद ठेवावयास सांगावे आणि डॉक्टरांस तसे लेखी कळवावे. आसवारिष्टांतील गूळ व च्यवनप्राशातील साखर हिशेबात धरावी.

पंचकर्मात अधिक सावधानता हवी. शोधनार्थ स्नेहपानाच्या दिवशी स्नेह जिरून भूक लागेपर्यंत रुग्ण निराहार राहतो. नित्याचे इन्शुलिन टोचून तो उपाशी राहिला तर अनर्थ ठरलेला. संसर्जन क्रमातील पेया-विलेपीने आहाराचे प्रमाण दिवसागणिक बदलते, त्यानुसार मात्राही बदलावी लागते. मुळात कृश वृद्धास वमन-विरेचन योजण्याचा मोह टाळावा. मृदू बस्ती व अभ्यंग पुरतात. त्यातही एक गोष्ट आपल्या चर्चांत फारशी येत नाही. ज्या मांडीवर वा पोटावर नुकतेच इंजेक्शन दिले तेथे अभ्यंग-स्वेदन केल्यास, किंवा लगेच कढत पाण्याने स्नान केल्यास, इन्शुलिन वेगाने शोषले जाते. म्हणून टोचण्यापूर्वी अभ्यंग उरकावा.

उपवासाविषयी रुग्ण स्वतःहून बोलत नाही, आपणच विचारावे. एकादशीस सकाळी मिश्र इन्शुलिन टोचून दुपारपर्यंत निरंकार, नंतर भरपूर साबुदाणा खिचडी. एकाच दिवशी दोन्ही टोके गाठली जातात. चातुर्मासात एकभुक्त राहणाऱ्यांचेही तेच. व्रत सोडा म्हटल्याने वृद्ध मंडळी ऐकत नाहीत. मात्रेचा बदल आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा आणि वरी, राजगिरा, ताक, दूध थोडे थोडे विभागून घ्यावयास सांगावे.

शेवटी, प्रत्येक भेटीत पिशवीतील बाटली व सिरिंज काढावयास लावून पाहावी. आपल्याकडे बाटलीतील इन्शुलिन बहुधा दर मिलिलिटरला 40 युनिटचे असते. त्यास लाल टोपणाचीच सिरिंज हवी. केशरी टोपणाची सिरिंज 100 युनिटच्या इन्शुलिनसाठी असते. तिने 40चे औषध वीसच्या खुणेपर्यंत भरल्यास पोटात जातात केवळ 8 युनिट. उलट 100चे औषध लाल सिरिंजने भरल्यास वीसच्या जागी 50 जातात. मोतीबिंदू असलेल्यास या खुणा दिसतच नाहीत, तेव्हा सून वा नातवाने भरून द्यावे. टोचण्याच्या जागी बोट फिरवून पाहावे. गाठ लागली तर तेथे टोचलेले औषध नीट शोषले जात नाही, जागा बदलावी. मात्र नव्या जागी तेच औषध पूर्ण लागू पडून शर्करा उतरू शकते, म्हणून पहिला आठवडाभर शर्करा वारंवार तपासावी. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांनी टाकून द्यावी. घरी शीतकपाट नसल्यास पाण्याच्या माठाजवळ, ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ती सुरक्षित राहते. बाटलीस पाणी लागू नये म्हणून ती डबीत बंद करून ठेवावी.