चहाचें झाड कोठें रुजतें, आणि कोठें नाहीं



सकाळीं चुलीवर प्रथम काय चढतें असें विचारलें, तर आपल्या खेड्यांतील बहुतेक घरांतून "चहा" हेंच उत्तर येईल. दूध नसलें तर कोरा, साखर नसली तर गुळाचा. पण चहा चुकत नाहीं. असें असतांही ज्या झाडाचीं हीं पानें, तें झाड आपल्यांपैकीं फारच थोड्यांनीं पाहिलें असेल, कारण महाराष्ट्रांत चहाचे मोठे मळे नाहींत. यावर कोणी म्हणेल, "चहाला पाऊस पुष्कळ लागतो, आणि आपला मुलूख कोरडा." पण हें उत्तर पुरें पडत नाहीं. महाबळेश्वरीं वर्षास २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. आसामांतील जोरहाट हें चहाचें मोठें ठाणें, तेथें सुमारें ८० इंच. मग ८० इंचांवर जें झाड पोसतें, तें २०० इंचांवर कां पोसूं नये? या एका प्रश्नाचें उत्तर शोधीत आपण आज चहाच्या मुलखांतून फिरून येऊं. उपदेशक व शिक्षक बंधूंनीं भारताचा नकाशा भिंतीवर लावून हा पाठ वाचून दाखविला, तर ऐकणारांस तो अधिक सोपा जाईल.

१. झाडाची ओळख

चहाचें झाड मोकळें सोडिलें तर ३० फुटांहूनही उंच वाढतें. मळ्यांत तें वरचेवर छाटून कंबरेइतकें ठेवितात. याचीं कारणें दोन: खुडणाऱ्या हातास शेंडा लागावा, आणि कापल्या जागीं नवे कोंब पुनःपुन्हां फुटावे. चहा म्हणजे त्या झाडाचें फळ नव्हे कीं बी नव्हे. दोन कोंवळीं पानें व त्यांच्या मधली न उमललेली कळी, एवढाच तो. ज्वारी एकदां कापली कीं त्या सालचा हिशेब संपला. चहाचें झाड मात्र हंगामभर दर सात ते चौदा दिवसांनीं पीक देत राहतें. म्हणून एकदांच भरपूर पाणी मिळून त्याचें भागत नाहीं. जोंवर कोंब फुटावयाचे, तोंवर मुळांस ओल मिळत राहिली पाहिजे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत धरावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

या झाडाच्या मुख्य जाती दोन. चीनची जात लहान पानाची व थंडी सोसणारी. आसामची जात मोठ्या पानाची व दमट उष्ण हवेंत वाढणारी. आसामांतील सिंगफो लोक हें झाड पूर्वींपासून ओळखत व त्याचीं पानें वापरीत. १८२३ सालीं रॉबर्ट ब्रूस यांस त्यांच्याकडून त्याची माहिती झाली, आणि १८३९ सालीं आसामचा चहा लंडनच्या लिलावांत प्रथम विकला गेला.

२. झाडाच्या चार मागण्या

पहिली मागणी पावसाची. वर्षास निदान ४५ ते ५० इंच पाऊस हवा, आणि तो महिन्यामहिन्यांत वांटलेला हवा.

दुसरी मागणी निचऱ्याची. चहाचें झाड पाण्यावांचून जगत नाहीं, आणि पाण्यांत उभें राहूनही जगत नाहीं. मुळांशीं पाणी साचलें कीं मुळें गुदमरून कुजतात. डोंगराच्या उतारावर चहा लावितात, तें शोभेसाठीं नव्हे. आलेलें पाणी मुळांस भिजवून पुढें निघून जावें यासाठीं.

तिसरी मागणी आंबट मातीची. माती-परीक्षणाच्या कागदावर "सामू" म्हणून जो आंकडा असतो, तो चहासाठीं ४.५ ते ५.५ असावा लागतो. आपल्या देशावरील काळ्या मातीचा सामू बहुधा ७ च्या वर. तींत चुना फार, आणि पावसाळ्यांत ती पाणी धरून बसते. कापसाला ती माय, पण चहाला सावत्र.

चौथी मागणी मोजक्या उबेची. सुमारें १८ ते ३० अंश सेंटिग्रेड ही हवा चहास मानवते. पानाचा ताप ३५ अंशांच्या वर गेला कीं पान अन्न तयार करण्याचें काम आंवरतें घेतें. थंडी फार झाली कीं कोंब फुटण्याचें थांबतें.

३. आसाम: सपाटीवरचा चहा

ब्रह्मपुत्रेचें खोरें सखल व सपाट आहे. जोरहाट समुद्रसपाटीपासून ४०० फूटही उंच नाहीं. सपाट भूमीवर पाणी साचावयाचेंच. म्हणून मळेवाल्यांनीं झाडांच्या ओळींमधून खोल चर खणून पाण्यास वाट करून दिली. उन्हाळ्यांत हवा दमट व तप्त. म्हणून शिरीषाच्या जातीचे उंच वृक्ष मळाभर लाविले, ज्यांची विरळ सावली पानांस उन्हापासून राखते. उतार आणि थंडावा जेथें निसर्गानें दिला नाहीं, तेथें मनुष्यानें कुदळीनें व रोपांनीं त्याची उणीव भरून काढिली. या कामीं शास्त्रीय शोध करणारी टोकलाई येथील संस्था १९११ सालीं जोरहाटास निघाली.

आतां तेथील वर्षाचा क्रम पाहा. मार्च-एप्रिलमध्यें वळवाच्या सरी येतात व पहिले कोंब फुटतात. जून ते सप्टेंबर पावसाळा. तेव्हां पाला सर्वांत अधिक निघतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने कोरडे. पण तेच महिने थंडीचे व लहान दिवसांचे. त्या काळांत झाड झोंपीं जातें, आणि छाटणीही तेव्हांच करितात. म्हणजे पाणी नसतें तेव्हां झाडास पाण्याची गरजही थोडी असते. आसामच्या चहाचें मर्म या जुळणींत आहे.

४. दार्जिलिंग: थंडीनें हळू वाढणारा चहा

दार्जिलिंगच्या डोंगरांत १८४१ सालीं डॉ. कॅम्पबेल यांनीं आपल्या आवारांत चहाचें बी लावून पाहिलें. आज तेथील मळे सुमारें २,००० पासून ६,५०० फुटांपर्यंतच्या उतारांवर आहेत, आणि त्यांत चीनच्या जातीचीं जुनीं झाडें पुष्कळ. तेथें पाऊस भरपूर, पण उतार इतका तीव्र कीं पाणी क्षणभरही थांबत नाहीं. दुपारीं धुकें चढतें व उन्हाची धार बोथट करितें. थंडीमुळें कोंब सावकाश वाढतो, आणि सावकाश वाढलेल्या कोंबांत सुगंध दाटतो.

तेथें वर्षांत बहर चार. मार्च-एप्रिलचा पहिला बहर हलका व सुवासिक; मे-जूनचा दुसरा बहर पक्व द्राक्षासारख्या वासाचा. या दुसऱ्या बहराविषयीं एक नवल सांगतात: हिरव्या तुडतुड्यांनीं कोंवळीं पानें शोषिलीं, कीं झाड आपल्या बचावासाठीं जीं द्रव्यें निर्माण करितें, त्यांच्यामुळें हा वास चढतो. पावसाळी बहरांत पाला उदंड, पण वास फिका व भाव कमी. शेवटीं शरदाचा बहर. मळ्याचें वर्षाचें पोट मुख्यतः पहिल्या दोन बहरांवर चालतें. म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या चार सरी चुकल्या, तर पुढील धो-धो पावसानें ती हानि भरून निघत नाहीं.

५. दक्षिणेचे डोंगर व श्रीलंका

आतां सह्याद्रीच्या दक्षिण टोंकाकडे वळूं. नीलगिरी व मुन्नार येथें मळे बहुतेक ३,००० फुटांच्या वर आहेत. या भागास पाऊस दोन वेळां भेटतो: जूनपासून नैर्ऋत्येचा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरांत ईशान्येचा. एप्रिल-मेमध्यें वळीवही पडतो. त्यामुळें नीलगिरींत बारा महिने खुडणी चालते. तेथें भय दुसरेंच. डिसेंबर-जानेवारींत आकाश निरभ्र असतां रात्रीं थंड हवा उतारावरून घसरून खोलगट जागीं सांचते, तेथें दंव गोठतें, आणि सकाळच्या उन्हांत पानें भाजल्यासारखीं करपतात. म्हणून जाणता मळेवाला दरीच्या तळाशीं चहा लावण्यास कचरतो.

श्रीलंकेंत पूर्वीं कॉफीचे मळे होते. १८६९ पासून तांबेरा पडून ते बुडाले, आणि त्यांची जागा चहानें घेतली. जेम्स टेलर यांनीं १८६७ सालींच तेथें १९ एकरांत चहा लाविला होता. बेटाच्या मध्यभागीं डोंगर उभे आहेत. २,००० फुटांखालचा, २,००० ते ४,००० फुटांमधला, आणि त्यावरचा असे तेथील चहाचे तीन वर्ग करितात. डोंगराच्या पश्चिमेस डिंबुला व पूर्वेस उवा. जुलै ते सप्टेंबर पश्चिमेस पाऊस चालूं असतां उवाच्या बाजूस कोरडा वारा सुटतो, आणि त्याच दिवसांत उवाचा उत्तम चहा निघतो. जानेवारी ते मार्चमध्यें डिंबुलाची पाळी येते. महाबळेश्वराहून वाई अवघ्या वीस मैलांवर, पण पावसांत केवढें अंतर! तोच न्याय तेथेंही चालतो.

६. मग आपल्या घाटमाथ्यावर कां नाहीं?

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. महाबळेश्वरची तांबडी जांभ्याची माती आंबट आहे. उतार आहे, धुकें आहे, थंडावाही आहे. चार मागण्यांपैकीं तीन पुऱ्या होतात. पण २०० इंचांचा तो पाऊस जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबरांत कोसळतो आणि झपाट्यानें वाहून जातो. पुढें मेअखेरपर्यंत भूमि कोरडी. आसामचा कोरडा काळ थंडीचा असल्यानें झाड झोंपेंत तो काढितें. आपल्याकडील कोरड्या काळांत मार्च, एप्रिल व मे येतात, जेव्हां ऊन झाडाला जागें करितें आणि पाणी मात्र देत नाहीं. दक्षिणेकडे जावें तसा हा कोरडा काळ आंखूड होत जातो, आणि म्हणूनच त्याच सह्याद्रीच्या रांगेंत मुन्नारास चहा आहे व महाबळेश्वरास नाहीं. पाऊस किती इंच पडला एवढेंच विचारून भागत नाहीं. तो केव्हां पडला, आणि भूमीनें तो किती काळ धरिला, हेंही विचारावें लागतें. आपल्या कोरडवाहू शेतकऱ्यास हें निराळें सांगावयास नको.

७. हवा बिघडली कीं कोणाचें बिघडतें?

ही जुळणी किती नाजूक आहे हें अलीकडे दिसूं लागलें आहे. २०२४ सालीं आसामांत उन्हाळ्यांत पाऊस ओढला, उष्मा वाढला, आणि मागाहून पूर आले. देशाचें चहाचें उत्पन्न २०२३ सालीं सुमारें १३९ कोटी किलो होतें, तें २०२४ सालीं सुमारें १२८ कोटींवर आलें. दार्जिलिंगांत एके काळीं वर्षास १ कोटी किलोंहून अधिक चहा होई. २०२४ सालीं तो ६० लाखांच्या आंत आला. त्यास म्हातारीं झाडें, मजुरांची टंचाई व नेपाळच्या चहाची चढाओढ हींही कारणें आहेत. पण वेळेवर न येणारा पाऊस हें त्यांतील मोठें कारण होय.

खुडण्याचें काम बहुतेक स्त्रिया करितात. आसामच्या मळ्यांत त्यांपैकीं पुष्कळींचे पूर्वज छोटानागपूर व आसपासच्या आदिवासी मुलखांतून मजुरीस नेलेले. मुन्नार व श्रीलंकेंत ते तमिळ मुलखांतून आलेले. पुष्कळ मळ्यांत दिवसाच्या मजुरीसाठीं ठराविक वजनाचा पाला खुडून द्यावा लागतो. ऊन तापून कोंब फुटेनासे झाले, कीं तेवढेंच वजन भरण्यासाठीं त्या बाईस त्याच उन्हांत अधिक ओळी चालाव्या लागतात. झाडास सावली हवी हें मळेवाल्यास शंभर वर्षांपूर्वीं कळलें; खुडणारीसही ती हवी, हें कळण्यास अधिक वेळ लागला.

अतिवृष्टीचा घाव तर याहून भयंकर. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्रीं मुन्नारजवळ पेट्टिमुडी येथें डोंगर खचून चहाच्या मजुरांच्या चाळी गाडल्या गेल्या व ७० माणसें दगावलीं. ३० जुलै २०२४ रोजीं वायनाडांत मुंडक्कै व चूरलमला हीं मळ्यांलगतचीं गांवें दरडीखालीं गेलीं. जो उतार झाडाच्या मुळांशीं पाणी साचूं देत नाहीं, त्याच्याच पायथ्याशीं मजुराचें घर असतें. माळीण (३० जुलै २०१४) व इरशाळवाडी (१९ जुलै २०२३) ज्यांनीं पाहिली, त्यांस या दुःखाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं.

तेव्हां वाचकहो, आपल्या पितळींतील चहा स्वस्त वाटला, तरी त्याच्यामागें वळवाच्या सरी, आंबट माती, उतार, धुकें आणि एका बाईचे दिवसभर चाललेले हात आहेत. यांतील एकही गोष्ट चुकली तर चहा होत नाहीं. तोट्याची वांटणी मात्र सारखी होत नाहीं: भाव वाढला तर आपण एक घोट कमी पितों, आणि पाला घटला तर तिच्या घरीं चूल थंड राहते.

उजळणीसाठीं प्रश्न

१. चहाच्या झाडाच्या चार मागण्या कोणत्या?
२. आसामांत सपाटीवर निचरा व सावली कशी साधिली?
३. दार्जिलिंगच्या पहिल्या दोन बहरांस एवढें महत्त्व कां?
४. महाबळेश्वरीं पाऊस अधिक असूनही चहाचे मळे कां नाहींत?
५. आपल्या गांवीं गेल्या वर्षीं पाऊस किती पडला, व किती दिवसांत पडला? मंडळींतील वृद्धांस विचारून, पूर्वींच्या पावसाशीं त्याची तुलना करावी.