पाठ ११ : औषधाला व्यायामाची जोड

प्रस्तावना

उच्च रक्तदाबावर औषधे उपलब्ध आहेत. तरीही काही रुग्णांचा रक्तदाब सहजासहजी आटोक्यात येत नाही. अशा वेळी शारीरिक हालचालींचा काय उपयोग होतो, याचा विचार या पाठात केला आहे.

मूळ पाठ

हृदयाने ढकललेल्या रक्ताचा धमन्यांच्या भिंतींवर जो दाब पडतो, त्याला रक्तदाब म्हणतात. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा दाब वरच्या आकड्याने, तर प्रसरण पावते तेव्हाचा खालच्या आकड्याने दर्शवतात. दाब वाढला तरी रुग्णाला बहुधा काहीच जाणवत नाही. मात्र मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड यांची हानी होत राहते.

निरनिराळ्या प्रकारची तीन औषधे पुरेशा मात्रेत घेऊनही रक्तदाब योग्य मर्यादेत येत नसेल आणि त्यांतील एक औषध लघवीवाटे क्षार व पाणी बाहेर टाकणारे असेल, तर त्या स्थितीला दुर्दम्य उच्च रक्तदाब म्हणतात. तत्पूर्वी औषधे नियमित घेतली जातात का, मोजणी बिनचूक आहे का आणि मूत्रपिंडाचा विकार किंवा झोपेत श्वास अडखळणे यांसारखे कारण दडलेले आहे का, हे डॉक्टर तपासून पाहतात.

जिथे तीन औषधे अपुरी पडतात, तिथे चालण्याने काय होणार, अशी शंका कोणालाही येईल. पोर्तुगालमधील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने तिचे उत्तर दिले. त्यात दुर्दम्य उच्च रक्तदाबाच्या ५३ रुग्णांनी अखेरपर्यंत भाग घेतला. एका गटाने नेहमीच्या उपचारांबरोबर १२ आठवडे, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली ४० मिनिटे व्यायाम केला. दुसऱ्या गटाचे केवळ नेहमीचे उपचार चालू राहिले. दिवसरात्र मोजलेला वरचा दाब व्यायाम करणाऱ्या गटात दुसऱ्या गटाच्या तुलनेत सरासरी सुमारे ७, तर खालचा सुमारे ५ मिलिमीटर अधिक उतरला.

नियमित व्यायामाने रक्तवाहिन्या अधिक सहजतेने रुंदावतात आणि त्यांना आकुंचित ठेवणाऱ्या मज्जातंतूंची उत्तेजना मंदावते. व्यायाम सोडल्यास हा लाभ हळूहळू ओसरतो. म्हणून सातत्य महत्त्वाचे.

ज्यांचा दिवस शिवणयंत्रापुढे किंवा वाहन चालवण्यात बसून जातो, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने दहा मिनिटांच्या चालण्यापासून प्रारंभ करावा. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतकी गती पुरेशी असते. श्वास रोखून जड ओझे उचलू नये, कारण त्याने दाब एकाएकी चढतो. रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून अधिक असल्यास आधी डॉक्टरांना भेटावे. छातीत दुखल्यास किंवा भोवळ आल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. आकडे सुधारले म्हणून औषध मनानेच बंद करणे धोक्याचे आहे. मात्रा किती ठेवायची, याचा निर्णय डॉक्टरांचाच असतो.

शब्दार्थ

दुर्दम्य – सहज आवरता न येणारे
प्रसरण पावणे – फैलावणे
सातत्य – खंड न पडणे

पाठगत प्रश्न

१. दुर्दम्य उच्च रक्तदाब कशाला म्हणतात?
२. पोर्तुगालमधील अभ्यासात दोन गट का केले असावेत?
३. ‘बरे वाटते, आता गोळ्या कशाला?’ असे म्हणणाऱ्या शेजाऱ्याला तुम्ही काय समजावून सांगाल? पाच-सहा वाक्यांत लिहा.