कीशचे कवच आणि मोहनाचे कार्य

फ्रान्सच्या ईशान्य भागात, जर्मनीच्या सीमेलगत, लॉरेन हा प्रदेश आहे. अंडी, साय आणि खारवलेले डुकराचे मांस यांचे मिश्रण कणकेच्या उथळ कवचात ओतून भट्टीत भाजावयाचे, असा ‘कीश’ नावाचा पदार्थ तेथून सर्वत्र पसरला. सारण पातळ असल्यामुळे त्याची सारी भिस्त कवचावर असते. ते खुसखुशीत, तरीही न गळणारे हवे.

साहित्य अल्प आहे : २०० ग्रॅम मैदा, चिमूटभर मीठ, १०० ग्रॅम थंड लोणी व तीन-चार मोठे चमचे गार पाणी. महत्त्व आहे ते क्रमाला. मैद्यातील ग्लुटेनिन व ग्लायडिन ही प्रथिने पाण्याच्या संयोगाने व मळण्याने एकमेकांत गुंततात आणि ग्लूटेन हे चिवट जाळे बनते. इटलीतील बेकारी या शास्त्रज्ञाचे ग्लूटेनविषयीचे संशोधन १७४५ साली प्रसिद्ध झाले. मळलेल्या मैद्याचा गोळा पाण्याखाली धूत राहिल्यास पिष्ट वाहून जाते व रबरासारखा चिकट गोळा उरतो. हा प्रयोग शाळेतही सहज करता येईल. पावात हेच जाळे वायू कोंडून ठेवते. कवचात मात्र ते नको असते, कारण त्यामुळे कवच वातड होते व भाजताना आक्रसते.

यास्तव पाण्यापूर्वी लोणी चोळावयाचे. स्निग्धांशाचे लेपन झालेल्या कणांपर्यंत पाणी सहजी पोचत नाही. करंजीच्या पिठात मोहन घालतात ते याच कारणासाठी. मात्र तेथे मोहन कडकडीत असते, येथे ते थंड हवे. लोणी सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे तळहाताची ऊबही त्यास पुरते. म्हणून केवळ बोटांच्या टोकांनी, पीठ रव्यासारखे दिसेपर्यंतच ते चोळावे. मग पाणी शिंपडून गोळा जेमतेम एकत्र करावा, तिंबू नये. घरचे लोणी असल्यास त्यात पाण्याचा अंश अधिक असतो, तेव्हा पाणी आणखी बेताने घालावे.

गोळा अर्धा तास थंड जागी झाकून ठेवल्यास ताणलेले ग्लूटेन सैल पडते. नंतर तीन मिलिमीटर जाडीची पोळी लाटून ती सुमारे २३ सेंटिमीटर व्यासाच्या साच्यात बसवावी व काट्याने टोचावी. वर कागद घालून त्यावर कोरडा राजमा पसरावा. त्याच्या भाराने तळ फुगत नाही व कडा घसरत नाहीत. १९० अंश सेल्सिअसला १५ मिनिटे भाजून राजमा व कागद काढावा आणि तळ कोरडा दिसेपर्यंत आणखी पाच-सात मिनिटे भाजावे. हा टप्पा गाळला, तर सारण थिजण्यापूर्वीच त्यातील पाणी कच्च्या तळात मुरते व तळ गिचका राहतो. भाजलेला राजमा शिजविण्यास निरुपयोगी ठरतो. तो याच कामासाठी डब्यात जपून ठेवावा.