कुलूप, भाडेकरू आणि कायदा

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी कित्येकजण शिक्षणासाठी खोली घेऊन राहतात. कित्येकांचे आईवडील भाड्याच्या घरातच संसार करतात. पण मालकाने एकाएकी बाहेर काढले तर काय करावे, हे आपणास ठाऊक नसते. मलाही नव्हते.

मी अकरावीत होते. वडील भिगवणच्या मासळी बाजारात हमाली करतात. आम्ही चार वर्षे एका खोलीत भाड्याने राहत होतो. आईच्या आजारपणात दोन महिन्यांचे भाडे थकले. एके संध्याकाळी घरी आले, तर दाराला मालकाचे कुलूप! भांडीकुंडी, अंथरुणे, माझी पुस्तके, सारे आत. वडिलांनी उसनवारी करून भाडे चुकते केले. तेव्हा सामान मिळाले, खोली मिळाली नाही. "घर त्यांचं, मर्जी त्यांची," एवढेच वडील म्हणाले. आमच्या घराण्यात कोर्टाची पायरी कोणी चढलेले नव्हते.

यंदा ग्रंथालयात कायद्याची पुस्तके चाळली, तेव्हा कळले की वडिलांचे म्हणणे अर्धेच खरे होते. घर मालकाचे असते. परंतु भाडेकरूचा ताबाही कायदा मानतो. १९५४ साली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी एका निकालात हे स्पष्ट केले. भाडेकरार संपला तरी भाडेकरूला कायद्याच्या मार्गानेच काढता येते, हे ते तत्त्व. १९६८ च्या लल्लू यशवंत सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यास मान्यता दिली.

विनिर्दिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ याचे कलम ६ येथे उपयोगी पडते. संमतीवाचून व कायदेशीर मार्ग सोडून ज्याला घराबाहेर काढले, त्याने सहा महिन्यांच्या आत दिवाणी दावा लावल्यास ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचे, हा प्रश्नच येत नाही. हे कलम शहराला तसे खेड्यालाही लागू आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीतील गावांत भाडेकरूस अधिक संरक्षण आहे. भाडे थकल्यास मालकाने लेखी नोटीस द्यावी, नव्वद दिवस थांबावे, मगच दावा करावा. पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूस हुसकता येत नाही. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. करार लेखी व नोंदणीकृत करून घेण्याची जबाबदारीही त्याचीच.

मालकाचीही बाजू आहे. भाडे बुडवणाऱ्या, पोटभाडेकरू ठेवणाऱ्या किंवा घराची नासधूस करणाऱ्या भाडेकरूविरुद्ध त्याला न्यायालयात जाता येते. स्वतःला घराची खरी गरज असली तरीही जाता येते. अकरा महिन्यांचा परवाना-करार संपल्यावर तर खोली सोडलीच पाहिजे. न सोडल्यास मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. कुलूप लावणे हा मार्ग कुठल्याच कायद्यात नाही.

वकिलाला पैसे कोठून आणायचे? विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि ठराविक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा लागतो. भिगवणकरांना त्यासाठी इंदापूर गाठावे लागेल, इतकेच.

हे सारे वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग आता दावा लावता येईल का?" मी मान खाली घातली. सहा महिने केव्हाच उलटून गेले होते.

म्हणून मित्रहो, भाडे देताना पावती मागा. पावती, वीजबिल, खोलीच्या पत्त्यावर आलेली पत्रे जपून ठेवा. दाराला परके कुलूप दिसले, तर त्या दिवसाची तारीख आधी वहीत लिहा. आमच्या घरी ती कोणी लिहिली नव्हती. आता नव्या खोलीच्या पावत्या मी दर महिन्याला एका डब्यात ठेवते, आणि वडील महिना भरताच विचारतात, "पावती ठेवलीस ना, पोरी?"