लाकडी सामानाचे व्हार्निश : पातळ करण्यासाठी काय वापरावे?

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतील बाके, टेबले व खुर्च्या दुरुस्त करून त्यांना व्हार्निशचा हात देण्याची पद्धत जुनी आहे. ग्रामपंचायतीच्या कार्यालयातील दप्तराची कपाटेही याच सुमारास उजळून घेतली जातात. परंतु पुष्कळदा असा अनुभव येतो की, जून महिन्यात शाळा भरते तेव्हा बाके चकचकीत दिसतात, पण मुलांचे कपडे त्यांना चिकटू लागतात. मग व्हार्निशच्या डब्याला किंवा रंगाऱ्याला दोष दिला जातो. वास्तविक अनेकदा हा दोष व्हार्निश पातळ करण्यासाठी मिसळलेल्या द्रवाचा असतो. अंदाजपत्रकात ही बाब नगण्य असली तरी तिच्यातील चुकीमुळे सर्वच खर्च वाया जाऊ शकतो.

व्हार्निश सुकते कसे?

तेलाच्या व्हार्निशमध्ये जवसाच्या तेलासारखे सुकणारे तेल, राळ, सुकण्याची क्रिया जलद करणारे क्षार आणि द्रावक हे घटक असतात. हे व्हार्निश दोन टप्प्यांत सुकते. प्रथम द्रावक उडून जाते. त्यानंतर तेल हवेतील प्राणवायू शोषून घेते व त्याचा कठीण पापुद्रा बनतो. म्हणून पातळ करणाऱ्या द्रवाच्या अंगी दोन गुण हवेत : त्याने तेल व राळ यांना नीट विरघळवून धरावे आणि काम संपताच मागे काहीही न ठेवता उडून जावे.

योग्य द्रव कोणता?

या दोन्ही कसोट्यांना टर्पेंटाइन उतरते. त्याचे दोन प्रकार आहेत. नैसर्गिक टर्पेंटाइन चीड वृक्षाच्या डिंकापासून ऊर्ध्वपातनाने काढतात, तर खनिज टर्पेंटाइन कच्च्या तेलापासून मिळते. दुकानात ते ‘एम.टी.ओ.’ या नावाने मागितले जाते. नेहमीच्या कामासाठी हे खनिज टर्पेंटाइन पुरेसे असून ते तुलनेने स्वस्तही पडते. नैसर्गिक टर्पेंटाइन घ्यावयाचे असल्यास ते ताजे असावे. उघड्या बाटलीत दीर्घकाळ राहिलेले टर्पेंटाइन चिकट बनते व तो चिकटपणा व्हार्निशमध्ये उतरतो.

खनिज टर्पेंटाइन साधारणपणे १४० ते २०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उकळते. रॉकेलमधील जड घटक मात्र २०० अंशांच्या पुढे उकळतात. त्यामुळे हे घटक पापुद्र्यात दीर्घकाळ अडकून राहतात आणि लाकूड चिकट लागते. पेट्रोल फार लवकर उडते, पण त्याची वाफ चटकन पेट घेते व आरोग्यासही अपायकारक असते. ते वापरूच नये.

केवळ ‘थिनर’ म्हणून मागणी केल्यास दुकानदार बहुधा एन.सी. थिनर देतो. ते नायट्रोसेल्युलोजच्या लॅकरसाठी असते. तेलाच्या व्हार्निशमध्ये ते मिसळल्यास राळ फाटण्याचा व खालचा जुना थर सुरकुतण्याचा संभव असतो. लाखेच्या पॉलिशसाठी वापरले जाणारे स्पिरिटही येथे उपयोगाचे नाही. म्हणून खरेदीच्या मागणीपत्रात ‘थिनर’ एवढेच न लिहिता ‘खनिज टर्पेंटाइन’ असा स्पष्ट उल्लेख करावा.

पारख आणि प्रमाण

टर्पेंटाइनचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून कागद सावलीत ठेवावा. चांगले टर्पेंटाइन डाग न ठेवता उडून जाते. तेलकट डाग बराच वेळ राहिल्यास त्यात रॉकेलसारखा जड द्रव मिसळला असण्याची शंका घ्यावी.

प्रमाणाबाबत डब्यावरील सूचना प्रमाण मानावी. तशी सूचना नसल्यास कोऱ्या लाकडावरील पहिल्या हातासाठी चार भाग व्हार्निशला एक भाग टर्पेंटाइन घ्यावे, म्हणजे ते लाकडात मुरते. पुढील हातांसाठी कुंचला सहज फिरेल इतकेच, म्हणजे दहा भागांस एक भाग किंवा त्याहून कमी पुरे. व्हार्निश पुरवून वापरण्यासाठी अधिक पातळ केल्यास थर विरळ बसतो व लवकर झिजतो. प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावर काचकागदाने हलके घासून धूळ पुसावी व मगच पुढचा हात द्यावा.

सागवानासाठी विशेष काळजी आवश्यक आहे. सागाच्या अंगचे काही नैसर्गिक घटक व्हार्निश सुकण्यास विलंब लावतात. म्हणून पहिल्या हातापूर्वी पृष्ठभाग एन.सी. थिनरमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसून कोरडा होऊ द्यावा. पावसाळ्यातील दमट हवेतही व्हार्निश सावकाश सुकते; तेव्हा हे काम पावसापूर्वी, शाळा उघडण्यास पुरेसे दिवस बाकी असताना उरकावे.

आगीपासून सावधगिरी

टर्पेंटाइनची वाफ साधारणपणे ३५ ते ४० अंश सेल्सिअस तापमानाला ठिणगीने पेट घेऊ शकते. विदर्भात मे महिन्यात तापमान याच्याही वर जाते. म्हणून काम सकाळच्या वेळी, दारे-खिडक्या उघड्या ठेवून करावे. जवळ विडी, काडी किंवा चूल असू नये. मुलांना या कामास लावू नये. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आतल्या आत तापून आपोआप पेटतो. त्या एकेक पसरून मोकळ्या जागी वाळवाव्यात किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात. उरलेले द्रव गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

योग्य द्रवाची निवड, बेताचे प्रमाण व सुकण्यास पुरेसा अवधी एवढी दक्षता संबंधितांनी घेतली, तर लोकांच्या पैशातून घेतलेले लाकडी सामान दीर्घकाळ टिकेल आणि शाळेच्या पहिल्या दिवशी मुलांना कोरड्या, स्वच्छ बाकांवर बसता येईल.