मैत्री क्लिनिकमध्ये बसण्याआधी

अगं, राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाच्या प्रशिक्षणात मिळालेलं फ्लिपबुक कपाटात नीट ठेव, लागेल. पण 10 ते 19 वयाची पोरं आपल्या खोलीपर्यंत येतील कशी, ते आधी बघ.

केसपेपरच्या खिडकीवर जाऊन ये. तिथला माणूस सवयीनं मोठ्यानं विचारतो, "काय होतंय?" मागे रांगेत गावातलीच माणसं. पांढरं जातंय, हे तिथं कुठली मुलगी सांगेल? कितीतरी पोरं तिथूनच घरी जातात. त्याच्याशी गोडीनं बोलून ठरवून घे: 'मैत्रीत जायचंय' म्हटलं की पुढं काही विचारायचं नाही.

मुलगी आईबरोबर आली की सगळी उत्तरं आईच देते. तिला "बाहेर थांबा" म्हणू नकोस, तिच्या मनात नको ते येतं. आधी तिचं सगळं ऐकून घे, मग म्हण, "मी हिचं वजन-उंची घेते, तुम्ही तेवढा केसपेपरवर शिक्का मारून आणा." तेवढा वेळ पुरतो. गौरी-गणपतीच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून आणल्या का, हेही तेव्हाच विचार. आणि लोहाची निळी गोळी देताना शौचाला काळी होईल हे आधीच सांग, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात गोळी खिडकीबाहेर.

मुलगा एकटा आला तर मुरुमं, उंची, केस गळणं असं काहीतरी काढतो. निघताना दारात थबकून म्हणतो, "मॅडम, एका मित्राला विचारायचं होतं." मित्र कोण ते विचारायचं नाही. मित्राला निरोप द्यायचा: झोपेत वीर्य जातं ते वयात आल्यामुळं, त्यानं अशक्तपणा येत नाही, आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर नंबर रंगवणाऱ्या वैद्यांना एक रुपया देऊ नकोस म्हणावं.

आता मुख्य गोष्ट. "काहीही सांग, मी कुणाला सांगणार नाही" असं कबूल करू नकोस. 18 वर्षांखालच्या मुलीवर किंवा मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 2012च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवावंच लागतं. लपवलं तर गुन्हा आपल्यावर. शिवाय 17 वर्षांच्या मुलीची मर्जी होती, हे त्या कायद्यात चालत नाही. प्रेमात पडलेलं पोरगं आणि नातीवर हात टाकणारा आजोबा एकाच कायद्यात बसवणं मला अजून पटत नाही, पण आपल्या पटण्यावर काही नाही. म्हणून ती तोंड उघडायच्या आधीच सांग: "तुझं बोलणं इथंच राहील, पण तुझ्या जिवाला धोका असला, किंवा तुझ्यावर कुणी जबरदस्ती केली असली, किंवा 18च्या आत कुणाशी संबंध आले असले, तर मला पुढं सांगावं लागेल." काही मुली त्यावर गप्प होतात. होऊ देत. पुढच्या वेळची तारीख दे. ज्या बोलतात, त्या पोलीस दारात आल्यावर "मॅडमनी फसवलं" असं तरी म्हणत नाहीत.

दहावी-बारावीच्या निकालानंतर कुणी गप्पगप्प दिसलं, तर आडून विचारू नकोस. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचार, विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते शिरत नाही. टेलि-मानस हेल्पलाइनचा 14416 नंबर नुसता चिठ्ठीवर देऊ नकोस, घरी मोबाइल बापाच्या नाहीतर भावाच्या हातात असतो. पहिला फोन तुझ्यासमोर लावून दे. फवारणीचं औषध घरात कुठं ठेवतात तेही विचार, आणि ते आजच्या आज कुलपात घालायला घरच्या मोठ्या माणसाला सांग.